चेंबर

सायलेन्सर सुटायचं नाव घेत नाही. मिस्त्रींनी पाना लावलाय, पान्याच्या दांड्यावर पाईपचा तुकडा चढवून जोर वाढवलाय, आणि एक पाय भिंतीला टेकवून ते ओढताहेत. गाडी स्टँडवर डुलते. पलीकडून हाताखालचा पोरगा, बारका, तिला मिठी मारून उभा आहे. सिलिंडरच्या तोंडाशी असलेली जोडणी मात्र जागची हलत नाही. तिथं तीस वर्षांचं टू-टी ऑइल जळून, निवून, पुन्हा जळून डांबर झालंय.

“डिझेल मार आणखीन जरा,” मिस्त्री म्हणतात, पाना काढून घेतात आणि तंबाखू मळायला बसतात. “मुरू दे त्याला. घाई केली की आटं जात्यात.”

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे गॅरेज म्हणजे दोन लेथच्या शेडांमध्ये राहिलेली फट. वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली फरशी, भिंतीवर चेनी, क्लचप्लेटा आणि टांगलेले मडगार्ड. डावीकडच्या शेडमध्ये कशाला तरी आटे पाडणं चाललंय, उजवीकडं ग्राइंडरच्या ठिणग्या उडताहेत, आणि मधूनमधून बोलणाऱ्याला गप्प बसावं लागतं. या गल्ल्यांतून करून बाहेर पाठवलेल्या वस्तू पुष्कळ. बाहेरून आलेली वस्तू मात्र इथं आधी खोलून बघितली जाते, मग वापरली जाते. इथलेच कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव जुनी माणसं अजून घेतात ते याच सवयीपोटी. माझ्या स्कूटरचा कार्बोरेटर समोरच्या वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडलाय. त्याची पाळी या गाडीनंतर. तोवर मला बघण्यावाचून काम नाही.

गाडी यामाहा आरएक्स १००. रंग चेरी लाल, टाकीवरचा पट्टा नवा चिकटवलेला, नंबर एमएच ०९. १९८५ च्या अखेरीस एस्कॉर्ट्सनं ही गाडी भारतात आणली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसी, मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आज हे आकडे कुणाला मोठे वाटायचे नाहीत, पण त्या दिवसांत तेवढ्याच सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या सात-साडेसात हॉर्सपॉवरवर संसार करत होत्या. सिग्नलवरून सुटताना जो फरक पडायचा तो ज्यांनी पाहिलाय ते अजून त्याबद्दल बोलतात. आणि ज्यांचा जन्मच गाडी बंद झाल्यावरचा, ते त्याहून जास्त बोलतात.

मालक दोन. कागदावर तात्या, जुन्या जीपच्या सुट्या सीटवर बसलेले, टोपी गुडघ्यावर. त्यांनी ही गाडी नवी घेतली, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेला घातलं. प्रत्यक्षात आता मालक त्यांचा पुतण्या. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे, आणि त्यानं मागवलेला खोका बाकड्यावर आहे.

“कंपनीचा सायलेन्सर चांगला होता की,” तात्या म्हणतात. हे ते आल्यापासून म्हणताहेत.

“तात्या, तुम्ही बघा तर खरं. गाडी उडती.”

“उडवायची कशाला? चालवायची असती ती.”

पुतण्याचे दोन मित्र खोक्याची चिकटपट्टी फाडून फोटो काढताहेत. एकाच्या टी-शर्टावर ‘जाळ अन् धूर संगटच’ छापलंय. कोल्हापूरकर हे वाक्य मिसळीपासून फुटबॉलच्या सामन्यापर्यंत कशालाही लावतात, पण टू-स्ट्रोक गाडीइतकं ते अक्षरशः कशालाच लागू पडत नसेल.

खोक्यातून निघतं ते एक्सपान्शन चेंबर. इथं सगळे नुसतं चेंबर म्हणतात. उघडं लोखंड, गंजू नये म्हणून तेल फासलेलं. पत्र्याचे शंकू वळून एकाला एक जोडल्याच्या वेल्डिंगच्या कड्या अंगभर. सिलिंडरकडून निघताना ते मनगटाइतकं जाड, मग सावकाश रुंद होत जातं, मधे चांगलं पोट धरतं, आणि तिथून एकदम आवळत येऊन अंगठा जेमतेम जाईल अशा नळीवर संपतं. नळीच्या टोकाला ॲल्युमिनियमचा डबा. डब्यात भोकांची नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल.

“मामा, आवाज कसा आसंल ह्येचा?” टी-शर्टवाला विचारतो.

“आवाजासाठी घेतलाय व्हय?” मिस्त्री मान वर न करता म्हणतात. “मग भोंगा घ्यायचा. स्वस्तात पडतोय.”

मुरलेल्या जोडणीवर पुन्हा पाना बसतो. या खेपेला मिस्त्री ओढत नाहीत. पान्याच्या टोकावर हातोडीचे बारीक बारीक घाव घालतात, जोर न वाढवता, एका लयीत. थोड्या वेळानं ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो.

“सुटलं,” तात्या म्हणतात.

“न्हाईतर तुटलं,” मिस्त्री म्हणतात आणि बोट फिरवून बघतात. सुटलंय.

पुढचं काम झपाट्यानं होतं. मागचा बोल्ट निघतो, जुना सायलेन्सर बारक्याच्या हातात येतो, आणि तो आडवा धरून हलवल्यावर आतून काळ्या खपल्यांचा पाऊस फरशीवर पडतो. शेपटाकडच्या स्क्रूवर धरलेली आतली नळी उपसून काढल्यावर तिची भोकं निम्मी बुजलेली दिसतात. मिस्त्री ती नळी पुतण्याच्या नाकासमोर धरतात.

“ही नळी काढून फिरणारी पोरं बघितल्यास न्हवं? गल्लीभर टर्र टर्र. त्यांस्नी वाटतंय गाडी पळायल्या. गाडीचं हाय त्ये पण जातंय.”

मला हे ऐकून बरं वाटतं. रात्री साडेअकराला घराखालून जाणाऱ्या त्या टर्र टर्रला इतके दिवस मी नुसता उद्धटपणा समजत होतो. तो अडाणीपणाही आहे, हे एका जाणकाराच्या तोंडून कळणं निराळं.

जुनं गॅस्केट खरवडून झालं की मिस्त्री बॅटरी पेटवून सिलिंडरच्या तोंडात प्रकाश टाकतात. “ये हिकडं. इंजिनिअर हायस न्हवं? बघ.” बारका किक हातानं सावकाश खाली दाबतो. आम्ही सगळे वाकून बघतो. तात्यासुद्धा सीटवरून उठलेत. तोंडाच्या आत पिस्टनची कड दिसते, ती खाली सरकते, आणि अंधारातून सिलिंडरची आतली पोकळी उघडी पडते. आणखी खाली गेल्यावर समोरच्या आणि बाजूच्या भिंतीत ताजं पेट्रोल आणि हवा आत येण्याच्या वाटाही उघडतात.

म्हणजे एका क्षणी जायचं दार आणि यायची दारं, दोन्ही सताड उघडी. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह असतात, आत घेणं आणि बाहेर टाकणं बरंचसं वेगवेगळं चालतं. इथं सिलिंडरला तसे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच वरखाली होताना भोकं उघडतो आणि झाकतो. जळलेला धूर बाहेर पडत असतानाच ताजा माल आत शिरतो आणि त्यातला काही धुराच्या मागोमाग, न जळताच, बाहेर निसटतो. टू-स्ट्रोकचं पेट्रोल जास्त जातं आणि धूर कडू लागतो त्याचं मोठं कारण हे.

“आता ह्ये निसटल्यालं परत आत कसं आणायचं?” मिस्त्री विचारतात. कुणी बोलत नाही. “यष्टीत माणसं कोंबल्यावर शेवटचा गडी दारातनं निम्मा भाईर असतोय. कंडक्टर काय करतोय? खालनं त्याला आत ढकलतोय आन् दार लावतोय. चेंबर त्यो कंडक्टर हाय.”

यापेक्षा सोपं करून हे मला कुठं वाचायला मिळालेलं नाही. पोर्ट उघडलं की धुराचा दाब लाट होऊन पाईपात सुटतो. पाईप रुंद होतो तिथून उलटी ओढ मागं येते; ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते आणि ताज्या मालाला वर यायला मदत करते. मूळची लाट पुढं जाऊन निमुळत्या शंकूवर आपटते आणि दाब घेऊन परत फिरते. ती सिलिंडरच्या तोंडाशी पोचते तेव्हा पाईपात निसटलेलं पेट्रोल तिच्या पुढं असतं. ते आत ढकललं जातं, आणि पिस्टन वर येऊन दार बंद करतो.

सगळं वेळेवर झालं तर. ७५०० फेऱ्यांना सेकंदाला १२५ फेऱ्या होतात. एका फेरीला ८ सहस्रांश सेकंद मिळतात आणि त्यातलाही निम्म्याहून कमी वेळ ते दार उघडं असतं. तेवढ्यात लाटेनं जाऊन परत यायचं. पाईपाची लांबी तर बदलत नाही. त्यामुळं ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच लाट नेमकी वेळेवर येते; त्याच्या खाली ती लवकर येते, वर उशिरा. कंपनीच्या सायलेन्सरमध्येही हीच युक्ती असते, पण ती मवाळ ठेवलेली, म्हणजे किटल्या घेऊन जाणाऱ्यालाही गाडी सोसावी. बाजारातलं चेंबर त्या पट्ट्यापुरतं जीव तोडून काम करतं आणि बाकीच्या वेळी हात वर करतं. मिस्त्री हे पुतण्याला सांगतात. पुतण्या मान हलवतो. त्याला आत्ता काहीही सांगितलं तरी तो मान हलवेल.

चेंबर चढवायला घेतात आणि ते बसत नाही.

पुढचं तोंड नीट बसतं. मागचा कान, म्हणजे चौकटीला बोल्टनं अडकवायची पट्टी, चांगली दोन बोटं आत आलीय. ओढून-ताणून भोकावर भोक आणलं तर चेंबरचं पोट ब्रेकच्या पायपट्टीला घासतं. मिस्त्री पायानं ब्रेक दाबून दाखवतात: पट्टी निम्म्यात जाऊन पोटावर टेकते.

“लिहिलं होतं की बोल्ट-ऑन आहे म्हणून,” पुतण्या म्हणतो.

“त्येंच्या गाडीला आसंल.”

“थोडं वाकवून बसेल की मामा.”

“बसंल. आन् ब्रेक लागायचा न्हाई.” मिस्त्री पाना खाली ठेवतात. ही त्यांची ठाम बोलायची पद्धत दिसते. आवाज न चढवता हातातली वस्तू खाली ठेवायची. “सायलेन्सर ताणून बोल्ट मारला की चार दिसांत वेल्डिंग सुटतंय. टू-स्ट्रोकची थरथर आसती. त्येला ढिलं पायजे आन् घट्ट बी पायजे.”

मग सगळी वरात शेजारच्या वेल्डरकडं. चेंबर गाडीवर बसवून, दोरीनं हवं तिथं तोलून धरून, कानाची नवी जागा खडूनं आखली जाते. वेल्डर जुना कान ग्राइंडरनं कापतो, नवी पट्टी वाकवून बघतो, परत वाकवतो. मिस्त्री त्याच्या डोक्यावर उभे: पोटावर वेल्डिंग मारू नको, पत्रा पातळ आहे, आत भोक पडलं तर सगळं फुकट. पुतण्या दरम्यान मला फोनवर एक चित्र दाखवतो. कृष्णधवल फोटो, एक रेसिंग मोटारसायकल. “हे जर्मन लोकांचं डोकं, सर.”

बरोबर आहे त्याचं. पूर्व जर्मनीत चोपाऊ गावी एमझेड कंपनीच्या रेसिंग विभागात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर हे शंकू कापून, जोडून, पुन्हा कापून बघत होता. पैसा तुटपुंजा, सामान मिळेल ते. त्याच्या १२५ सीसीच्या इंजिननं १९६१ मध्ये २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागं २००. बाहेरून हवा कोंबणाऱ्या पंपाशिवाय तोवर कुठल्या इंजिननं हे केलं नव्हतं. त्याच वर्षी त्याचा हुकमी स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर परत गेलाच नाही. बायकामुलं मोटारीच्या डिकीत लपवून सरहद्दीपार काढली होती. डेग्नर सुझुकीला जाऊन मिळाला, त्याच्याबरोबर काडेनचं ज्ञानही गेलं, आणि १९६२ मध्ये ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीवर बसून त्यानंच मिळवलं. पुढची काही दशकं जपानी टू-स्ट्रोकनी रेसचं मैदान व्यापलं. काडेन चोपाऊतच राहिला. डेग्नरची गोष्ट सगळे सांगतात, कारण तिच्यात डिकी आहे. मला काडेन जास्त जवळचा वाटतो. वेल्डर आत्ता खडूच्या रेषेवर डोळा मिटून बघतोय, ती जात त्याची.

नवा कान बसतो. मिस्त्री तो चौकटीला थेट आवळत नाहीत. जुन्या ट्यूबचे दोन गोल कापून बोल्टच्या दोन्ही अंगांना वायसरच्या आत घालतात, म्हणजे थरथर रबरात जिरेल. पुढं नवं गॅस्केट, मग स्प्रिंगा. त्या ताणून हुकात अडकवायला बारका वायरचा आकडा करून आणतो. एक स्प्रिंग निसटून जीपच्या सीटखाली जाते. तात्या वाकून ती शोधून देतात आणि परत टोपी गुडघ्यावर ठेवून बसतात. ब्रेक दाबून बघतात, पूर्ण जातो. किक मारून बघतात, किकचा दांडा मोकळा फिरतो. गाडी डावीउजवीकडं तिरकी करून पोट जमिनीपासून किती वर आहे ते मिस्त्री पंज्यानं मोजतात आणि पुतण्याला एवढंच म्हणतात, “गतिरोधकाला सावकाश.”

पहिल्या किकला काही नाही. दुसरीला एक फुसकारा. तिसरीला गाडी पेटते आणि गॅरेजमध्ये कुणालाच काही दिसेनासं होतं.

चेंबरला फासलेलं तेल जळतंय. पांढरानिळा धूर पत्र्याला लागून खाली वळतो, लेथवाला शेजारून शिवी घालतो, मित्र शूटिंग करताहेत. धूर जरा विरल्यावर आवाज ऐकू येतो. कंपनीच्या सायलेन्सरचा आवाज मऊ, किंचित घणघणणारा असायचा. हा कोरडा, टोकदार आहे, प्रत्येक ठोका सुटा. मूठ पिळली की ठोके एकमेकांत मिसळून वर चढतात आणि एका जागी एकदम स्वर बदलतो. तिथं लाट वेळेवर यायला लागली. ते कानाला कळतं. चांगलं वाटतं, हे मी नाकारत नाही.

“इषय हार्ड!” टी-शर्टवाला ओरडतो. “मामा, त्यो मागचा डबा काढूया की. आजून मोकळा व्हतोय.”

मिस्त्री गाडी बंद करतात. “डबा काडायचा आसंल तर दुसरीकडं न्हे. मी हात लावायचा न्हाई. त्या डब्यानं ताकद जात न्हाई, नुसता कानठळ्याचा भाग जातोय. आन् भाईर पोलीस हाईत. सायलेन्सर काढून घेत्यात, रस्त्यावर मांडत्यात आन् वरनं रोडरोलर फिरवत्यात. बघितलंस न्हवं पेपरात?”

बघितलंय. रस्त्यावर ओळीनं मांडलेले सायलेन्सर आणि त्यावरून जाणारा रोलर हा राज्यातल्या कितीतरी शहरांच्या पोलिसांचा ठरलेला फोटो आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचा आणि हवेच्या प्रदूषणाचा गुन्हा पहिल्यांदा सापडला तरी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं केली. कलम ५२ तर कंपनीनं दिलेल्या गाडीत नोंदणीच्या तपशिलाबाहेरचा बदलच करू देत नाही. डबा लावला म्हणून चेंबर कायदेशीर होत नाही, आणि मिस्त्रींना ते ठाऊक आहे. आज कारखान्यातून निघणाऱ्या ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला ७७ डेसिबलची मर्यादा आहे. आणि दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, तेव्हा डबा असणं आणि नसणं हा थोडाथोडका फरक नाही. धुराचं म्हणाल तर पीयूसीत २००० सालाआधीच्या दुचाकीला ९००० पीपीएम हायड्रोकार्बनपर्यंत मुभा आहे. या गाडीचं वय तिला सांभाळून घेतं. या गाड्या शहरातून गेल्या ते शहराच्या फुप्फुसांसाठी चांगलंच झालं, असं माझं मत आहे. ते मी आत्ता इथं बोलून दाखवत नाही.

आता चाचणी. सायबर चौकातून विद्यापीठावरून शाहू टोल नाक्याकडं, तिथं सरळ रस्ता मिळतो. पुतण्या गाडीवर, मिस्त्री मागं बारक्याच्या मोपेडवर, आणि माझी स्कूटर सुटी पडलेली असल्यानं मी टी-शर्टवाल्याच्या मागं. गर्दीत आरएक्सची फजिती होते. रिक्षामागं कमी वेगात ती गुदमरते, धक्के देते, पुतण्याला सारखा क्लच धरावा लागतो. मग रस्ता मोकळा होतो. तो एक गिअर खाली टाकतो, मूठ पिळतो, गाडी क्षणभर काहीच करत नाही, आणि मग अचानक लहान होत जाते. आमच्या गाडीवरचा आरडाओरडा मला हेल्मेटमधूनही ऐकू येतो.

नाक्याच्या अलीकडं, ठरल्याप्रमाणं, पूर्ण मूठ पिळलेली असतानाच तो क्लच दाबून इंजिन बंद करतो आणि गाडी घरंगळत कडेला घेतो. मिस्त्री पोचतात, फडक्यात धरून गरम प्लग खोलतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात. प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक पांढरंच आहे. इंजिन कसं जळतंय ते इथं वाचायचं असतं: बिस्किटी रंग हवा, काळं ओलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर कमी. चेंबर जास्त हवा खेचतंय, कार्बोरेटर जुन्या हिशेबानं पेट्रोल देतोय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच वंगण घेऊन येतं. ते कमी पडलं की उष्णता वाढते आणि वंगणही घटतं.

“असाच हायवेला गेला असतास तर?” मिस्त्री विचारतात.

“पिस्टन धरला असता,” पुतण्या म्हणतो. पहिल्यांदाच तो मान न हलवता उत्तर देतो.

चुन्याच्या डबीतून कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी तोंडं, निघतात. पितळेचे, नखाएवढे, प्रत्येकावर बारीक आकडा. मिस्त्री एकेक उन्हात धरून वाचतात, आणि रस्त्याच्या कडेलाच, खाली फडकं पसरून, कार्बोरेटरची वाटी उतरवली जाते. जुना मेन जेट निघतो, त्याहून मोठा बसतो. पुन्हा एक फेरी, पुन्हा प्लग. कडेला तपकिरी धरायला लागलाय, पण मिस्त्रींचं समाधान नाही. आणखी एक घर मोठा. या वेळी प्लग बघून ते काही बोलत नाहीत, तो पुतण्याच्या हातावर ठेवतात. फिकट तपकिरी.

गॅरेजवर परतल्यावर तात्या म्हणतात, “आण हिकडं.”

ते टोपी घालतात, लुंगी सावरतात, आणि एकाच किकला गाडी चालू करतात. कित्येक वर्षं त्यांनी ही किक मारलीय. पहिला गिअर टाकून जुन्या सवयीनं, अगदी थोड्या मुठीवर क्लच सोडतात. गाडी बंद पडते. पुन्हा चालू, पुन्हा क्लच, पुन्हा बंद. मित्रांपैकी एकजण हसतो आणि मिस्त्रींनी बघितल्यावर गप्प होतो.

“तात्या, मूठ जास्त द्या,” पुतण्या सांगतो. “आता तिला खाली ताकद नाही.”

“खालचं काढून वर घातलंय,” मिस्त्री म्हणतात.

तात्या मूठ देतात, गाडी कशीबशी निघते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते, वळून येते. ते उतरतात, गाडी स्टँडला लावतात, चेंबरच्या तापून निळ्या पडलेल्या बेंडकडं बघतात. कशाबद्दलच काही बोलत नाहीत. पुतण्या पैसे मोजतो, वेल्डिंगचे वेगळे, जेटचे वेगळे, आणि दोघा मित्रांना घेऊन आणखी एका फेरीला निघतो. आवाज गल्लीतून बाहेर पडतो, मोठ्या रस्त्याला लागतो, स्वर बदलतो.

बारक्यानं जुना सायलेन्सर पोत्यात गुंडाळून ठेवलाय. तात्या ते पोतं पायानं स्वतःकडं ओढून घेतात.

“मिस्त्री, परत ह्यो बसवायचं किती घेशीला?”

“आता लगीच नगं. म्हयन्याभरात पासिंगला न्यायची म्हणालासा न्हवं? तवा त्योच लावावा लागतोय. त्येच्यातला कार्बन तेवढा जाळून आणा.”

“आन् पासिंग झाल्यावर?”

“त्यो तुमच्या घरातला इषय.” मिस्त्री माझ्या कार्बोरेटरशेजारी उकिडवे बसतात, सुई उचलून उजेडाकडं धरतात. “सायेब, तुमची नीडल खाल्ल्या पार. किती दिस अशीच चालवलासा?”